माझ्या काळ्या बुटांचा शेवटचा चढ

महाड शहर, पोलादपूर शहर, मधली सर्व गावे, वाड्या आणि फाट्याफाट्यांवर एसटीची वाट बघत उभे असलेले तमाम नागरिक यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येत आहे, की माझे काळे बूट आता आपल्यात राहिलेले नाहीत. डाव्याने चढाच्या मध्यावर प्राण सोडला. उजवा त्याच्या मागोमाग गेला. दोघांच्या पश्चात मी आहे, तळ नसलेले दोन मोजे आहेत, आणि एक बऱ्यापैकी मोठा गोतावळा आहे, जो अजून हसतो आहे. भेटायला कोणी येऊ नये. आलंच तर उंबऱ्याबाहेर चपला काढताना माझ्याकडे बघून डोळा मारू नये.

असं जाहीर करायची मला सवय आहे. चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर माझं वह्या-पेनांचं दुकान आहे, पण लोक मला ओळखतात ते माईकमुळे. लग्न, निरोपसमारंभ, टेनिस बॉलच्या स्पर्धा, कुठेही मांडव पडला की तिथे माझा आवाज असतो. मार्चमध्ये तळ्यावर माणसांचा समुद्र लोटतो तेव्हा हरवलेल्यांच्या टेबलावर मीच बसतो. बायको म्हणते, घरात मीठ संपलं तरी तुम्ही आधी घसा खाकरता. खोटं नाही.

माझा आवाज मोठा आणि पायही मोठे. दहा नंबर. या पायांचं आणि आमच्या भागातल्या डोंगरांचं तसं काही भांडण नाही, पण मध्ये जे काही घालावं ते लावालावी करतं. रायगड मी पहिल्यांदा चढलो तो एका लग्नातून परस्पर, मोजडी घालून; चढलो माझ्या पायांनी, उतरलो मित्रांच्या खांद्यांवर. एकदा भर पावसात तुडीलच्या बाजूला ओढा ओलांडायला मी शहाणपणानं गमबूट घातले. ओढा गमबुटात शिरला आणि बाहेर पडेना. पलीकडे जाऊन ते उपडे केले तर पाण्याबरोबर एक बेडूकही निघाला आणि माझ्याकडे बघत बसला, जणू मीच त्याच्या घरात पाय घातला होता.

पण ते सगळं किरकोळ. काळे बूट ही वेगळी गोष्ट होती.

ते मी एका मोठ्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनासाठी मुंबईहून आणले होते. चकाकी अशी, की त्यात बघून भांग पाडावा. एकदा घातले आणि चांगल्या प्रसंगासाठी म्हणून ठेवून दिले. आता महाडात ठेवून देणे म्हणजे माळ्यावर ठेवणे. सावित्री चढायला लागली की जमिनीवरचं काहीच आपलं राहत नाही, हे इथे सांगावं लागत नाही. जून उजाडायच्या आत घरातलं जे जे मोलाचं, ते वर जातं. कागदपत्रं, गाद्या, मुलांची सर्टिफिकिटं आणि माझे बूट. मोठा पूर आला तेव्हा बायकोच्या मिक्सरच्या आधी मी बूट वर पोचवले, असा माझ्यावर आरोप आहे. तो साफ खोटा आहे. दोन्ही मी एकाच खेपेला उचलले होते. शिडीवर हात सटकला, तेव्हा दोन्हीपैकी एक सोडणं भाग पडलं, इतकंच.

तर बूट पुरातून वाचले. त्यानंतर वर्षानुवर्षं ते वर्तमानपत्रात गुंडाळलेले, माळ्यावर सुखरूप होते. आपल्या दमट हवेत बूट पायात घालून जेवढे झिजत नाहीत तेवढे नुसते ठेवून मरतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वरून चामडं तसंच्या तसं तुकतुकीत राहतं. आतल्या आत तळाचा भुगा होत असतो. माणसांमध्येही असे नमुने मी स्टेजवर पुष्कळ बघितलेत, पण बुटावर माझा विश्वास होता.

आणि मग तो चांगला प्रसंग आला.

माझी भाची महाडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला असलेला एक मुलगा तिला पसंत होता. त्यालाही ती पसंत होती. मुलगा सरळ, बोलणं गोड, पगार बरा, व्यसन म्हणून फक्त क्रिकेट. सगळं जुळत होतं. अडत होतं ते घराशी. घर पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. वाडीला गाडीरस्ता नाही. एक कच्चा होता, तो एका पावसात दरडीनं नेला आणि परत आणून दिला नाही. खालच्या गावात गाडी लावायची आणि पाखाडीनं, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या जुन्या वाटेनं, वर चढायचं. पायऱ्या संपल्या की नुसती पायवाट.

माझे भावोजी, म्हणजे भाचीचे वडील, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उभा जन्म त्यांनी याच घाटांमध्ये स्टिअरिंगवर काढला. त्यांच्या लेखी जगाचे दोन भाग आहेत, गाडी वळते तो आणि गाडी वळत नाही तो. मुलीचं सासर दुसऱ्या भागात असावं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

"ती दोघं राहणार महाडला, खोली घेऊन," ताई त्यांना समजवायची. ताई म्हणजे माझी थोरली बहीण.

"सणाला? बाळंतपणाला? घरात कोणी आजारी पडलं तर?" भावोजी म्हणायचे. "तेव्हा जायचं तिथंच ना? गाडी दारात लागली पाहिजे."

तरी लेकीचं तोंड बघून ते घर बघायला यायला तयार झाले. आमच्याकडे ठरण्याआधी मुलीकडची माणसं मुलाचं घर बघून येतात. पाणी कुठलं, शेजार कसा, चुलीपाशी उजेड आहे की नाही, हे बघतात, चहा घेतात आणि निघतात. पानावर बसत नाहीत, जेवण ठरल्यावर. मुलगी स्वतः जात नाही. पण तिचा मामा गेल्याशिवाय चालत नाही.

आदल्या दिवशी भाची दुकानात आली. काउंटरवरचं एक पेन उगाच उघडझाप करत म्हणाली, "मामा, तिथं भाषण करू नकोस."

"मी? भाषण?"

"बाबांना नाही म्हणायला एक कारण पुरेल. ते शोधतच जाणार आहेत. तू त्यांच्या हातात काही देऊ नकोस."

"तू निर्धास्त राहा," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, आणि ती गेल्यावर घरी जाऊन शिडी लावून माळ्यावर चढलो.

सकाळी मी पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, काळी पँट आणि काळे बूट अशा थाटात गाडीपाशी उभा राहिलो. ताईनं मला खालून वर बघितलं आणि परत खाली येऊन बुटांवर थांबली.

"मेल्या, डोंगर चढायचाय. नवरदेव कोण आहे, तू की तो?"

"ताई, मुलीचा मामा म्हणजे मुलीकडची शोभा. शोभा सपातेत जात नाही."

भावोजींच्या पायात ड्युटीवरच्या काळातले चामड्याचे सँडल होते. त्यांनी गाडीचे चारही टायर लाथ मारून तपासले आणि बसले.

पोलादपूर मागे पडलं. हायवे सोडून आत वळलो, आणि रस्ता जिथे संपतो त्या गावात मुलाचे वडील आम्हाला सामोरे आले होते. बारीक चणीचा, काटक माणूस, पायात निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल. हात जोडून म्हणाले, "या पाव्हनं, या. जरा चाल हाय. जरूर तिथं बसत बसत जाऊ."

"पाहुणे, किती चाल आहे ते सांगा," भावोजींनी विचारलं.

"आमाला थोडी. तुमाला जास्त." माणूस खरं बोलणारा होता. मला त्याची काळजीच वाटली.

चढ सुरू झाला. फेब्रुवारीतली सकाळ, आंब्याला मोहोर, भाताची खाचरं रिकामी, आणि लोक राब भाजत होते. राब म्हणजे पुढच्या भाताच्या रोपासाठी वाफ्यावर पाला, छाटलेल्या डहाळ्यांचं कवळ आणि शेण पसरून लावलेली आग. डोंगरभर धुराचा वास आणि जागोजाग काळे चौकोन. पुढे भावोजी आणि मुलाचे वडील, मध्ये ताई, मागे मी. ताई एकदा मागे वळली आणि म्हणाली, "हे तुझ्यामागे काय सांडतंय?"

बघतो तर प्रत्येक पायरीवर काळी भुकटी. मी चालत आलो होतो त्या सबंध वाटेवर, एखाद्या उंदरानं मोहरी चोरून नेताना सांडावी तशी.

"राबाची राख असेल," मी म्हणालो.

पुढच्या वळणावर डाव्या बुटाची टाच निघाली आणि उताराला लागली. तिच्याकडे मी बघतच राहिलो. टप्पे घेत, मजेत, ती खालच्या गावाच्या दिशेनं गेली. पाठोपाठ तळाचा पुढचा भाग सुटला आणि माझ्या प्रत्येक पावलाला टाळी वाजू लागली. फटाक. फटाक. आयुष्यभर टाळ्यांसाठी झुरलो, पण त्या क्षणी त्या नको होत्या.

मी हातरुमाल काढून बूट बांधला. टाळी थांबली. मग तळच थांबला, म्हणजे रुमालासकट वाटेत राहिला, आणि मी पुढे गेलो. उजव्याचं तर मला कळलंही नाही. एका पायरीवर दगड फार गार लागला म्हणून खाली बघितलं, तर वरून बूट बूटच होता. चकाकी, नाडी, सगळं जागच्या जागी. खालून मात्र मोजा, आणि मोज्यालाही खडीनं खिडक्या पाडलेल्या.

मुलाच्या वडिलांनी एव्हाना मागे वळून बघितलं होतं. त्यांची नजर माझ्या पायांवर गेली, तिथून वाटेवर मागे गेली, आणि त्यांना सगळं समजलं.

"सायेब, तुमचे बू—"

मी ओठांवर बोट ठेवलं. भुवईनं भावोजींच्या पाठीकडे खूण केली. त्यांनी एकदा भावोजींकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग ते घसा साफ करून म्हणाले, "बू... बुरांडीची झाडं हायत हिकडं खूप."

तसलं झाड जगात कुठे नाही. पण त्या क्षणापासून आम्ही दोघं एका कटात होतो. खडीचा पट्टा आला की ते मुद्दाम थांबून भावोजींना समोरचा डोंगर दाखवायचे, आणि मी त्यांच्या पाठीमागून तव्यावरच्या फुटाण्यासारखा उड्या मारत पुढे जायचो. ताई हे सगळं बघत होती. तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला होता आणि ती दम लागल्याचं सोंग करत होती.

वाडी आली. नीटनेटकं कौलारू घर, शेणानं सारवलेलं अंगण. मुलगा धावत पुढे आला, सगळ्यांच्या पाया पडला. माझ्या पाया पडताना जरा जास्त वेळ वाकून राहिला, कारण इतक्या जवळून त्याला मोज्याच्या खिडकीतून माझा अंगठा दिसला असावा. पोरगा गुणी. काही बोलला नाही. त्याची आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "पाय धुवा."

इथे माझी कसोटी होती. मी पाठ फिरवली, बूट आणि मोजे एकदम काढले, मोजे खिशात कोंबले आणि बूट सगळ्यांच्या चपलांशेजारी हलक्या हातानं, अगदी सरळ, टेकवले. काय दिमाखात उभे होते! त्या ओळीत तेच राजे.

घर भावोजींनी बारकाईनं बघितलं. डोंगरातल्या झऱ्यावरून पाइप टाकून थेट परड्यात पाणी आणलेलं होतं. भावोजींनी नळ सोडून पाण्याचा जोर बघितला. कौलं बघितली. शेजारणी बघितल्या. पोहे आले, चहा आला. भावोजी चहा बशीत ओतून प्यायले, आणि ताईनं माझ्याकडे बघितलं, कारण बशीत म्हणजे मन जरा सैल झालंय. मी संधी साधली. भाषण नव्हतं ते. दोन शब्द होते.

"भावोजी, हवा बघा! पाणी बघा! आणि वाट, वाटेचा आपण उगाच बाऊ केला. मी बघा, बूट घालून चढलो. काही झालं का?"

तेवढ्यात अंगणात एक बाई आली. डोक्यावर कवळाचा भारा, एका हातात काठी, आणि दुसऱ्या हातात, दोन बोटांच्या चिमटीत धरलेला, रुमाल बांधलेला माझा डावा तळ.

"ह्यो कोणाचा हाय गो?" तिनं मुलाच्या आईला विचारलं. "वाटंवर गावला. माजी म्हस बुजली ना ह्याला! पुढं जायाच तयार नाय."

"आमचा नाय," मुलाचे वडील घाईनं म्हणाले.

"तुमचा कसा असंल? येवढा पाय हाय कोणाचा वाडीत?" ती म्हणाली. मग तिची नजर चपलांच्या ओळीवर गेली. मग सगळ्यांचीच गेली.

भावोजी उठले. सावकाश अंगणात गेले. माझा डावा बूट उचलला, त्यात हात घातला, आणि हात खालून बाहेर आला. बोटं हलवून त्यांनी ती सगळ्यांना दाखवली. ती बोटं मला अजून स्वप्नात दिसतात.

"काही झालं का, विचारत होतास ना?" ते म्हणाले.

मग ते मुलाच्या वडिलांकडे वळले आणि त्यांचा आवाज बदलला. "बघा पाहुणे. ह्या बाप्याचे बूट एका चढाला गेले. माझी पोरगी ह्या वाटेनं यायची-जायची."

"वाटेचा दोष नाही!" मी ओरडलो. घरातून अंगणात एका ढांगेत आलो, त्या बाईच्या हातातून तळ घेतला आणि सर्वांसमक्ष त्याचा कोपरा दोन बोटांत चुरडला. बिस्किटासारखा चुरा झाला. "बघा! हे बूट आधीच मेलेले होते. माळ्यावर मेले. मी मढी घालून डोंगर चढलो."

"पुरात वाचवलेले ते?" भावोजींनी विचारलं.

"तेच."

"मिक्सरच्या आधी," ताई म्हणाली.

मुलाच्या आईनं आधी हसू दाबलं होतं. मिक्सरचं ऐकून ती आत गेली आणि आतून भांडी पडल्याचा आवाज आला. पण भावोजी हसले नाहीत. त्यांनी बूट परत ओळीत ठेवला, सरळ, आणि विचारलं, "पाहुणे, खरं सांगा. कोणी आजारी पडलं तर खाली कसं नेता?"

मुलगा मध्येच म्हणाला, "काका, आम्ही महाडलाच राहणार आहोत, आणि रस्त्याचं कामही यंदा—"

"तू थांब रे," त्याचे वडील म्हणाले. "रस्ता कदी व्हईल ते मला नाय म्हाईत. डोली करतो आमी. चार जण धरतात, चार जण बदलीला. ह्याच्या आयेला मागल्या पावसात तसाच नेला. वाडीतला एक माणूस घरी बसला नाय."

भावोजी पाखाडीच्या तोंडाकडे बघत होते.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "कळवतो."

मुलाची आई पडलेली भांडी उचलत आतच होती. तिनं ते ऐकलं असावं, कारण आतला आवाज थांबला. कळवतो म्हणजे काय, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

माझा फोन वाजला. वाडीत बोलण्याइतकी रेंज फक्त अंगणाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी. मी अनवाणी तिथे गेलो. भाची होती.

"मामा, बाबा काय म्हणाले?"

"चहा बशीतून प्यायले."

"काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

मागे दवाखान्यातला कसलातरी आवाज येत होता. मग ती म्हणाली, "आईनं फोटो पाठवलाय. बाबांचा हात बुटातून बाहेर आलाय."

"अगं, ते म्हणजे..."

"त्यांना एक कारण हवं होतं, मामा."

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी पन्नाशीचा, माईकवर हजार माणसांना हसवणारा माणूस त्या टाकीपाशी अनवाणी उभा होतो. "मी बघतो काहीतरी," म्हणालो आणि फोन ठेवला. काय बघणार होतो, देव जाणे. मला खाली कसं उतरायचं हेही ठाऊक नव्हतं.

त्याचा शोध सुरू झाला होता. मुलाचे क्रिकेटचे बूट माझ्या अर्ध्या पायाला पुरले. त्याच्या वडिलांची चप्पल मी घातली तर टाच हवेत. मग बातमी वाडीत गेली आणि घराघरातून पादत्राणं येऊ लागली. पावसाळी प्लॅस्टिकचे बूट, कोणाच्या सासूबाईंची फुलाफुलांची स्लीपर, एकाच पायाचा एक सँडल. मी ओसरीवर पाय पसरून बसलो होतो आणि अख्खी वाडी माझ्या पायाचं माप घेत होती. मघाची म्हशीवाली बाई म्हणाली, "गो बाय, हे पाय नायत, नांगराचे फाळ हायत!"

शेवटी एक म्हातारी एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. तिचा मुलगा मुंबईत एका मोठ्या हॉटेलात कामाला. तिथे पाहुण्यांच्या खोल्यांमध्ये ठेवतात तसल्या पांढऱ्याशुभ्र, मऊ लुसलुशीत सपाता त्यानं आईला आणून दिल्या होत्या. तिनं त्या एकदाही घातल्या नव्हत्या. चांगल्या प्रसंगासाठी ठेवल्या होत्या.

"ह्या सगल्यांना व्हतात म्हनं," ती म्हणाली.

मला झाल्या. गालिच्यावरून बाथरूमपर्यंत चालत जाण्यासाठी बनवलेल्या त्या सपाता घालून मी कशेडीच्या बाजूचा डोंगर उतरायला निघालो.

उतरताना क्रम बदलला. मुलगा सर्वांत पुढे. अवघड पायरी आली की तो खाली उभा राहून ताईच्या पावलापुढे आपला पाय आडवा लावायचा, न सांगता. मागे त्याचे वडील आणि भावोजी. भावोजींच्या सँडलची पकड चढाला ठीक होती, पण उताराला त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला. मुलाच्या वडिलांनी त्यांच्या उजव्या बाजूनं, दरीच्या बाजूनं, चालायला सुरुवात केली. भावोजी थांबले की थांबायचे, निघाले की निघायचे.

मी मागून ऐकत होतो. मग भावोजी म्हणाले, "तुम्ही उतार चांगला उतरता. गिअरमध्ये."

"काय?"

"लोक उताराला न्यूट्रल करतात. मग ब्रेक लागत नाही. तुम्ही वजन मागं ठेवता."

"सवय हाय," मुलाचे वडील म्हणाले. थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, "घाटात तुमाला कदी भ्या नाय वाटला?"

"रोज वाटायचं," भावोजी म्हणाले. "ज्याला नाही वाटलं त्याच्या गाडीत मी बसलो नाही."

इतकं बोलणं भावोजींच्या तोंडून मी अनेक वर्षांत ऐकलं नव्हतं. पुढचं ऐकू यावं म्हणून मी जरा घाईनं पुढे सरकलो, आणि इथेच चुकलो. पायऱ्या मध्येच खचल्या होत्या तिथे वाळक्या गवताचा उतार लागला होता. फेब्रुवारीतलं वाळलेलं गवत आणि हॉटेलातली सपाता एकमेकांना भेटली की काय होतं, याचा अनुभव त्या हॉटेलवाल्यांना नसणार. माझे दोन्ही पाय माझ्या परवानगीशिवाय पुढे गेले. मी भावोजींच्या डावीकडून गेलो. ताईला मागे टाकलं. मुलाच्या शेजारून जाताना मी त्याला बहुतेक "बाजूला!" असं माईकवरच्या आवाजात म्हणालो. मग बांध आला. बांधाच्या पलीकडे मी थोडा वेळ हवेत होतो, आणि त्यानंतर पाठीवर, हातपाय पसरून, कोणाच्यातरी भाजलेल्या राबात.

राख वर उडाली आणि अगदी सावकाश खाली आली. सगळी माझ्यावर. एक सपाता माझ्या पोटावर पडली, अजून पांढरीशुभ्र. वर बांधावर चार डोकी उगवली. मी जिवंत आहे हे कळावं म्हणून मी एक हात वर केला. तोंड उघडलं, तर शब्दांऐवजी राखेचा एक छोटा ढग निघाला.

मुलाचे वडील, सकाळपासून पाहुण्यांसमोर अंग चोरून वावरणारे ते गरीब गृहस्थ, बांधावर मटकन बसले. त्यांना हसू आवरेना. ते मांडीवर थापा मारत होते, डोळे पुसत होते, उठायला बघत होते आणि परत बसत होते. मुलगा घाबरून "बाबा, बाबा" करत होता. ताई पदर तोंडात कोंबूनही उपयोग नाही म्हणून तो सोडूनच हसत होती. आणि भावोजी, गुडघा धरून, कपाळाला आठ्या घालून, त्यांच्या अंगावर असे खेकसले की पलीकडच्या डोंगरातल्या गुराख्यानं मान वर केली:

"अहो व्याही, हसताय काय नुसते, उचला की त्याला!"